चारही चाकांचें बळ आणि वऱ्हाडांतील हिंवाळा



वऱ्हाड म्हटलें कीं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम ऊन उभें राहतें. अकोल्याचा वैशाख, पंचेचाळीस अंशांपलीकडे चढलेला पारा, दुपारीं ओस पडलेले रस्ते. हें चित्र कांहीं खोटें नाहीं. अशा प्रांतांतला एक निवृत्त शाळामास्तर थंडी आणि मोटारगाडी असा विषय घेऊन आपल्यापुढें बोलावयास बसला आहे, हें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं आलें असेल. परंतु वऱ्हाडचें हवामान दुटप्पी आहे. समुद्र दूर, हवा कोरडी. त्यामुळें जी जमीन उन्हाळ्यांत भट्टीसारखी तापते, तीच पौषांतल्या रात्रीं आपली सारी ऊब आकाशाला देऊन मोकळी होते. शेजारच्या नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. चिखलदरा तर समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीवर; तेथील हिंवाळ्याची गोष्टच निराळी. पहांटे आठ-दहा अंश आणि दुपारीं अठ्ठावीस-तीस, असा झोका माणसाप्रमाणें यंत्रालाही रोज सोसावा लागतो.

मी यंत्रशास्त्री नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पुढें चौतीस वर्षें मुलांना गणित आणि सामान्य विज्ञान शिकविण्यांत गेलीं. खरें सांगावयाचें तर मला मोटार हांकतांही येत नाहीं. पण एका गाडीनें या उतारवयांत मला पुन्हा विद्यार्थी केलें, त्याची हकीकत सांगतों.

माझ्या भाच्याची अचलपूर तालुक्यांत संत्र्यांची बाग आहे. बागेपासून डांबरी सडकेपर्यंत दोन किलोमीटरांची पांधण. ज्यांनीं वऱ्हाडांतली काळी जमीन पाहिली नाहीं, त्यांना पांधण म्हणजे काय हें सांगून समजणें कठीण. कोरडी असतां ती दगडासारखी व भेगाळलेली. एक सर पडली कीं लोण्यासारखी. अशा वाटेनें माणसाच्या जोड्याला शेर-शेर माती चिकटते, तेथें मोटारीची काय कथा ! हें जाणूनच भाच्यानें जास्त पैसे मोजून चारही चाकांना बळ मिळणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हची पिकअप घेतली. पिकअप म्हणजे पुढें बसावयाची खोली व मागें उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार, हें आपण जाणतांच.

दोन वर्षांपूर्वींच्या जानेवारींत आंबिया बहाराचा शेवटचा तोडा चालला होता. रात्रीं अवकाळी पाऊस झाला आणि पहांटे असा गारठा पडला कीं मजुरांच्या हातांतून कात्री सुटूं लागली. हौद्यांत साठ कॅरेट संत्रीं. पांधणींत शिरतांच भाच्यानें फोर व्हीलचा दांडा ओढला. समोरचा दिवा लुकलुकूं लागला, पण स्थिर होईना. पुढचीं चाकें मुकाट, आणि मागचीं माती उधळीत आंसापर्यंत रुतलीं. अखेर शेजाऱ्यांची बैलजोडी आली, माल दोन बंड्यांत भरून सडकेला लावला. परंतु तोंपर्यंत व्यापाऱ्याचा ट्रक वाट पाहून निघून गेला होता. ओलीं झालेलीं फळें टिकणार किती? दोन दिवसांनीं तीं निम्म्याहून थोड्या अधिक भावानें गेलीं.

गंमत पुढेंच आहे. दुपारीं ऊन तापल्यावर तीच गाडी बाहेर काढली, दांडा ओढला, आणि दिवा शहाण्या मुलासारखा स्थिर झाला ! पुढचीं चाकें फिरूं लागलीं. घरांतल्या सर्वांनीं तत्काळ निकाल दिला : थंडीनें गाडी आंखडली. एका मोठ्या दुरुस्तीगृहांत नेली असतां तेथेंही तेंच सांगण्यांत आलें, आणि पुढच्या आंसाची सारी जुळणी बदलण्याचा जो आंकडा मिळाला तो एका बहाराची कमाई गिळणारा होता. भाचा गाडीच विकावयास निघाला.

माझ्या मास्तरी मनाला मात्र हा निकाल पटेना. त्याच पहांटे, पलीकडच्या शिवारांत, तशाच पांधणींतून त्याच बनावटीची दुसरी एक गाडी भरल्या ओझ्यानें निघून गेल्याचें आम्हांस मागाहून कळलें. एकच वर्ग, एकच प्रश्नपत्रिका. एक मुलगा उत्तीर्ण झाला व एक नापास झाला, तर दोष प्रश्नपत्रिकेला कसा देतां येईल?

हें कोडें उकलावयास बंडीपासून आरंभ करूं. बंडीचीं दोन्ही चाकें आंसावर मोकळीं फिरतात. वळण घेतांना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, आंतल्याला कमी. पण दोघांचा एकमेकांशीं कांहीं करार नसल्यामुळें तंटाही होत नाहीं. ओढणारे बैल, चाकें नुसतीं लोळतात. मोटारींत मात्र चाकांनींच ओढावयाचें असतें. साध्या पिकअपमध्यें हें काम मागच्या जोडीकडे असतें, आणि त्या दोघांच्या मधोमध डिफरन्शियल नांवाचा दंतचक्रांचा एक मध्यस्थ बसविलेला असतो. वळणावर तो दोघांना कमी-अधिक फिरूं देतो. मध्यस्थ मोठा भला, पण त्याच्यांत एक अवगुण आहे : जें चाक निसरड्यावर असेल त्यालाच तो फिरवीत बसतो, आणि ज्याच्याखालीं घट्ट जमीन आहे तें बिचारें उभेंच राहतें. चिखलांत गाडी रुतते ती अशी.

यावर उपाय म्हणून इंजिनाचें बळ पुढच्या चाकांनाही द्यावें ही कल्पना जुनी आहे. हॉलंडांतील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं तशी गाडी बनविली. तथापि ही युक्ति जगभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धांतील जीपमुळें. युद्ध संपल्यावर आपल्याकडे महिंद्रांनीं विलीज जीपची जुळणी मुंबईस सुरू केली, आणि माझ्या लहानपणीं खेड्यांत जीप आली कीं कलेक्टर तरी आला असेल नाहीं तर निवडणूक तरी, असें आम्ही मुलें समजत असूं. त्या जीपच्या पोटांत, गिअरच्या पेटीमागें, बळाची वांटणी करणारी आणखी एक पेटी असे. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. आजच्या पिकअपमध्येंही तीच आहे. दांड्याच्या जागीं कोठें कोठें बटण आलें एवढाच फरक.

आतां नीट लक्ष द्यावें. पुढच्या जोडींत एक मध्यस्थ आहे, मागच्या जोडींत एक आहे. परंतु बहुतेक पिकअपांत पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यामध्यें कोणीच मध्यस्थ नाहीं. शाळेंतल्या कवाइतींत रांग वळते तेव्हां बाहेरच्या मुलाला लांब पावलें टाकावीं लागतात. मोटार वळतांनाही पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा घेर घेतात. चिखलांत किंवा मुरमांत चाक थोडेंसें घसरतें व हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाहीं. मग तो न मिटलेला हिशेब आंसांत पीळ होऊन सांठतो, दांते एकमेकांवर दांत-ओठ खाऊन बसतात, आणि दांडा मागें घ्यावयास गेलें तर हलत नाहीं.

चिखलदऱ्याच्या घाटांत हिंवाळ्याच्या पहांटे हें हमखास घडतें. धुकें असतें, दंव असतें, बरोबर बायकामुलें असतात. गृहस्थ सावधगिरी म्हणून चारही चाकें जोडून घेतो. वर पोहोंचेपर्यंत सूर्य येतो, सडक कोरडी होते, आणि दांडा अडकतो. ‘थंडीनें गोठला’ म्हणून त्यावर गरम पाणी ओतणारा एक महाभाग मीं प्रत्यक्ष पाहिला आहे. वस्तुतः गाडी सरळ रेषेंत थोडी मागें घ्यावी, किंवा सडकेच्या कडेच्या मुरमावर चार पावलें चालवावी; पीळ उलगडतो आणि दांडा आपोआप सुटतो. येथें थंडीचा वांटा एवढाच कीं, रात्रींच्या गारठ्यानें चाकांतील हवा आंखडते व दाब दुपारच्या मानानें तीन-चार पौंड उतरतो. तो चारही चाकांत सारखा उतरला तर बाधा नाहीं. पण पुढच्या चाकांत आधींच हवा कमी असली, तर तीं किंचित लहान होतात आणि सरळ रस्त्यावरही पीळ भरूं लागतो.

पण भाच्याच्या गाडीचें दुखणें अडकण्याचें नव्हतें, न जुळण्याचें होतें. त्याची जागा निराळी. साध्या सडकेवर पुढच्या चाकांना बळाची गरज नसते, तरी त्यांच्याबरोबर आंतले आंस व दंतचक्रें फुकट फिरत राहतात आणि इंधन खातात. हा अपव्यय टाळण्यासाठीं अमेरिकेंत आर्थर वॉर्न यांनीं १९४८ सालीं जीपसाठीं एक युक्ति काढली : चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे हबमध्यें, एक दांतेरी कडें बसवावयाचें, तें सरकविलें कीं चाक आंसाला जोडलें जातें, मागें घेतलें कीं सुटें होतें. प्रथम हें कडें खालीं उतरून हातानें फिरवावें लागे. पुढें कित्येक गाड्यांत तें काम हवेच्या ओढीकडे सोंपविलें. इंजिनावरचा पंप एका रबरी नळींतली हवा ओढून घेतो आणि त्या ओढीनें कडें सरकतें. म्हणजे मोठी थोरली गाडी चिखलांतून निघणार कीं नाहीं, हें अखेर बोटभर जाडीच्या नळीवर आणि हबमधील चमचाभर ग्रीसवर अवलंबून ! नळीला चीर असेल, तर गारठ्यानें रबर ताठ होऊन ती चीर उघडते. ग्रीस जुनें असेल तर तें थंडींत थिजलेल्या तुपासारखें होतें. बटणाच्या गाड्यांत हेंच काम एक लहानशी विजेची मोटर करते. आणि बॅटरीचा जोर थंडीनें उतरतो हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. शून्य अंशाला तो सुमारें एक-पंचमांशानें कमी भरतो. मग ती मोटर दोन-चारदा धडपडते व सोडून देते. दिवा लुकलुकत राहतो.

वंगणाच्या तेलाविषयीं दोन शब्द येथेंच सांगितले पाहिजेत, कारण आमच्याकडे त्याबाबत एक हट्टी समजूत आहे. तेल जितकें जाड तितकें ताकदीचें, असें मानून पुष्कळ लोक सर्व पेट्यांत सरसकट ९० नंबरचें तेल ओततात. अकोल्याच्या उन्हाळ्यांत तें चालून जातें. डब्यावर जेथें ८० डब्ल्यू ९० असें छापलेलें असतें, तेथला डब्ल्यू हा हिंवाळ्याचें इंग्रजी आद्याक्षर आहे. ८० डब्ल्यूचें तेल उणे २६ अंशांवरही ठराविक मर्यादेपेक्षां घट्ट होत नाहीं, ७५ डब्ल्यूचें उणे ४० पर्यंत. नुसत्या ९० ला असें कांहींच वचन नाहीं. त्यांतही, कित्येक गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्यें गिअरचें तेल मुळींच घालावयाचें नसतें. तेथें तांबडें, पातळ असें निराळें तेल सांगितलेलें असतें. त्या जागीं ९० नंबर ओतला, तर पहिल्या गारठ्याच्या सकाळीं पेटी हटून बसलीच म्हणून समजावें. गाडीबरोबर जें पुस्तक मिळतें त्यांत हें सारें लिहिलेलें असतें. पण तें पुस्तक उघडण्याची चाल आपल्यांत नाहीं. माझ्या भाच्याचें तर कोऱ्या पिशवींतून बाहेरही निघालें नव्हतें.

हीं सर्व कारणें मीं वाचून, विचारून गोळा केलीं, आणि गाडी घेऊन आम्ही परतवाड्यास एका जुन्या मिस्त्रीकडे गेलों. दुकान म्हणजे एक लिंबाचें झाड आणि चार पत्रे. मीं माझें ज्ञान त्याच्यापुढें मांडलें. त्यानें तें ऐकून घेतलें, कांहीं बोलला नाहीं, गाडीखालीं सरपटत गेला आणि पुढच्या आंसाच्या कवचाचा तळचा बोल्ट सोडला. खालीं धरलेल्या घमेल्यांत जें पडलें तें तेल नव्हतें. पांढुरकें, दाट, हुबेहूब ताकासारखें. मग हब उघडला. आंत ग्रीसचा तसाच पांढरा चिकटा आणि कड्याच्या दांत्यांवर तांबूस गंज. तेव्हां तो मला म्हणाला, “गुरुजी, थंडीले काऊन बोल लावता? हे पानी तं आखाडातलं हाये. थंडीनं फक्त दाखवलं.”

आषाढांतलें पाणी पौषांत कसें? मिस्त्रीनें नुसतें बोट दाखविलें. कारण मात्र मला माझ्याच धंद्यांतलें आठवलें. मुलांना आम्ही एक प्रयोग करून दाखवीत असूं. पितळेचा रिकामा तांब्या तापवून परातींतल्या पाण्यांत पालथा धरावा. तांब्या निवूं लागला कीं आंतली हवा आंखडते आणि परातींतलें पाणी त्याच्या पोटांत चढतें. मोटारीचा आंस हा असाच तांब्या आहे. सडकेवर तास-दीड तास धांवला कीं त्याचें कवच चांगलें तापतें. आंतल्या हवेला ये-जा करतां यावी म्हणून त्यावर बोराएवढें एक टोपण असतें. पांधणींतला चिखल त्यावर बसून वाळला म्हणजे तें नाक बुजतें. अशी तापलेली, नाक बुजलेली गाडी पावसाळ्यांत नाल्याच्या थंड पाण्यांत उतरली, कीं आंस एकदम निवतो, आंतली हवा आंखडते, आणि नाकानें श्वास घेतां येत नाहीं म्हणून तो चाकाजवळच्या रबरी सीलच्या फटींतून श्वास घेतो. श्वासाबरोबर पाणी येतें. एका खेपेस चमचाभर. पण आषाढ-श्रावणांत भाच्याची गाडी तो नाला दिवसांतून दोनदां ओलांडीत होती.

पुढें पाऊस संपला. पांधण वाळली, फोर व्हीलचा दांडा कोणी चार महिने हलविला नाहीं. आंत पाणी आणि तेल यांचें ताक झालें, दांत्यांवर गंज चढला, कडें जागच्या जागीं चिकटलें. दुपारच्या उष्णतेनें तो चिकटा थोडा सैल होई आणि कडें कसेंबसें सरके; पहांटेच्या गारठ्यांत न सरके. घरांतल्या मंडळींची साक्ष खोटी नव्हती, निष्कर्ष चुकीचा होता. पलीकडच्या शिवारांतला गृहस्थ दिवाळीपूर्वीं तेल बदलून घेत असे, हेंही त्या मिस्त्रीकडूनच कळलें. त्याची गाडी त्याच्याचकडे येई.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यांत चालक होता व लडाखांत राहिलेला. त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हां तो हंसला. तेथें, म्हणाला, तुमचें ताक गोठून दगड झालें असतें. पाणी गोठतांना सुमारें एक-अकरांशानें फुगतें. हबमधला चमचाभर बर्फ कडें धरून ठेवतो, जोर केला तर दांते मोडतात. नळींतला एक थेंब गोठला कीं हवेची ओढच बंद. तिकडे साधें डीझेलसुद्धां थिजतें. म्हणून तर इंडियन ऑइलनें लडाखसाठीं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें डीझेल नोव्हेंबर २०१९ मध्यें काढलें. सकाळीं गाडी सुरू केल्यावर पांच-दहा मिनिटें सावकाश चालवून तेल कोमट होईपर्यंत दांड्याला हात लावावयाचा नाहीं, हा त्याला लागलेला नियम. चिखलदऱ्याच्या थंडीलाही तो पुरेसा लागू आहे.

मिस्त्रीनें आंस दोनदां धुऊन नवें तेल भरलें, कड्याचे दांते तारेच्या ब्रशानें घांसले, नवें ग्रीस लावलें, सील बदललीं आणि बुजलेलें टोपण काढून त्या जागीं एक रबरी नळी बसवून तिचें तोंड इंजिनाजवळ उंच नेऊन बांधलें. नाल्याचें पाणी तेथवर येत नाहीं. सारा खर्च मोठ्या दुरुस्तीगृहानें सांगितलेल्या आंकड्याचा दहावा हिस्साही झाला नाहीं. जातांना त्यानें भाच्याला बजावलें, “भाऊ, महिन्यातून एकदा मातीत नेऊन फोर व्हील लावत जा. डांबरावर नोको.” भाचा आतां दर अमावास्येला तें करतो. तिथीचा कांहीं संबंध नाहीं; त्या दिवशीं बैलांना सुटी असते, म्हणून आठवण राहते इतकेंच.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे, त्यांनीं कोजागिरी ते दिवाळी या दिवसांत तीन ठिकाणांचें तेल पाहून घ्यावें : पुढचा आंस, मागचा आंस आणि ट्रान्स्फर केस. तळचा बोल्ट किंचित सैल करून थेंब-दोन थेंब बोटावर घेतले तरी पुरे; पाणी जड असल्यामुळें तें तळाशींच सांपडतें. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं पाहावें, म्हणजे पाणी खालीं बसलेलें असतें. नवीं सील बसविल्यावरही हें सोडूं नये.

या वर्षीं आम्ही तसें केलें. भाचा गाडीखालीं, मी बाहेर चष्मा पुशीत उभा. दोन्ही आंसांचें तेल मधासारखें निघालें, ट्रान्स्फर केसचेंही. डाव्या हबमध्यें मात्र बोटाला पुन्हा किंचित पांढुरकें लागलें. भाचा म्हणाला, “मामा, एवढंसंच आहे, चालून जाईल.” मीं कांहीं न बोलतां तें बोट त्याच्यापुढें धरलें. तो उद्यां परतवाड्यास जाणार आहे. तोडा पुढच्या आठवड्यांत सुरू होतो.